आधी ठरतं की आधी विचार होतो?

तिरकस_रेघ:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकतो, लांबलचक होईल, चालवून घ्या. आपण सगळे असं धरून चालतो की माणूस आधी पर्याय बघतो, फायदे तोटे तोलतो आणि मग ठरवतो. माझा संशय असा आहे की बऱ्याचदा आधी ठरलेलं असतं आणि आपण ज्याला विचार करणं म्हणतो ती नंतर कारणं गोळा करायची मोहीम असते. आत न्यायाधीश बसलाय असं आपल्याला वाटतं, पण बसलेला असतो वकील आणि त्याची फी आधीच पोचलेली असते.

हे अगदीच हवेतलं नाही. 1977 मध्ये रिचर्ड निसबेट आणि टिमथी विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक पेपर लिहिला, त्यातला एक प्रयोग मला भयंकर आवडतो. टेबलावर बायकांच्या लांब पायमोज्यांच्या चार जोड्या मांडल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारलं यातली सगळ्यात चांगली कुठली. लोकांनी निवडली. सगळ्यात उजवीकडची जोडी सगळ्यात डावीकडच्या जोडीच्या जवळजवळ चौपट वेळा निवडली गेली. का निवडली विचारल्यावर लोकांनी कारणं दिली, त्या मालाबद्दलची. चारही जोड्या तंतोतंत सारख्या होत्या! आणि मांडलेल्या जागेमुळे फरक पडला असेल का असं थेट विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते उडवून लावलं, विचारणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेने बघत.

यात कोणी खोटं बोलत नव्हतं हे महत्त्वाचं. त्यांना खरंच वाटत होतं की कारण तेच आहे. तर मग "नीट विचार करून ठरव" या सल्ल्याला अर्थ काय उरतो? जास्त विचार म्हणजे वकिलाला तयारीला जास्त वेळ, एवढंच का?

अर्धविराम:
याच्याही पुढचं एक आहे. 2005 मध्ये स्वीडनमध्ये योहानसन आणि हॉल यांच्या टीमने लोकांना दोन दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवले, यातला कुठला जास्त आवडला ते बोटाने दाखवा. मग तो फोटो हातात द्यायचा आणि विचारायचं का आवडला. मधेच काही वेळा हातचलाखी करून न निवडलेला फोटो हातात द्यायचे. बहुतेकांच्या लक्षातच आलं नाही. आणि ते कारणं सांगायला लागले, जो चेहरा त्यांनी निवडलाच नव्हता त्याची! काही कारणं तर फक्त त्या दुसऱ्या फोटोतच असलेल्या गोष्टींची होती, म्हणजे जुनी कारणं आठवून सांगत होते असंही म्हणता येत नाही, जागच्या जागी तयार होत होती.

नवा_भिडू:
फोटो बदललेला कळत नाही?? मला कळेल.

अर्धविराम:
सगळ्यांना तसंच वाटतं :)

शंकासुर:
मानसशास्त्राचे प्रयोग म्हटले की मी दोन हात लांब असतो. थोड्या लोकांवर काहीतरी करायचं, मथळा झाला की पुढची वीस वर्षं सगळे तेच उगाळत बसतात. इच्छाशक्ती वापरली की संपते म्हणून 1998 पासून केवढा गाजावाजा झाला, 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर तपासलं तेव्हा परिणाम जवळपास शून्य. पर्याय जास्त दिले की माणूस गोंधळतो आणि काहीच घेत नाही, हे 2000 सालचं प्रकरणही तसंच, 2010 मध्ये सगळे प्रयोग एकत्र करून बघितले तर सरासरी शून्याच्या आसपास, कधी गोंधळतो कधी नाही. त्यामुळे पायमोज्यांवरून माणसाला विचारच करता येत नाही असं कोणी म्हणणार असेल तर मी नाही म्हणणार. शिवाय चार सारख्याच वस्तूंमधून निवडायची ही काय निवड झाली? खरा फरक असेल तर माणूस तो बघतोच की.

तिरकस_रेघ:
शंकासुर, दोन्ही उदाहरणं बरोबर आहेत आणि शंका रास्तच आहे. सारख्या वस्तूंचा मुद्दाही मान्य, तिथे दुसरं काही धरायलाच नव्हतं. पण फोटोवाल्यांनी 2012 मध्ये हेच नैतिक मतांच्या प्रश्नावलीवर केलं. लोकांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या फॉर्मवरची विधानं हातचलाखीने उलटी केली आणि मग त्यांना मत समजावून सांगायला लावलं. बऱ्याच जणांनी उलट्या मताची बाजू व्यवस्थित मांडली. हे काही मोज्यांइतकं किरकोळ नाही. आणि माणसाला विचार करताच येत नाही असं मी म्हणतच नाहीये, मी म्हणतोय की आतून बघताना विचार आणि समर्थन यातला फरक दिसत नाही.

मधली_सुट्टी:
मी एरवी वाचनमात्र असते पण हा धागा माझ्यासाठीच निघालाय असं वाटलं. सध्याची नोकरी स्थिर आहे, काम येतं, माणसं चांगली आहेत पण नवं काही शिकणं बंद झालंय. दुसरीकडून ऑफर आहे, काम जास्त आवडेल असं वाटतं पण ती टीम नवी, पुढे राहील की नाही सांगता येत नाही. मी रोज रात्री एक लिस्ट करते, आणि गंमत म्हणजे ज्या दिवशी ऑफिसात काही बिनसलं असेल त्या दिवशी लिस्ट वेगळी होते. आता वकिलाचं वाचून वाटायला लागलं की लिस्ट करण्यात तरी काय अर्थ आहे.

नवा_भिडू:
नाणं उडवा.

रात्रपाळी:
@मधली_सुट्टी लिस्टचा जनक कोण माहितीये का, बेंजामिन फ्रँकलिन. निदान सगळे त्याचंच नाव घेतात. तिरकस_रेघ सांगतीलच, मी ड्यूटीवर चाललेय.

तिरकस_रेघ:
हाहा, सांगतो. 1772 च्या सप्टेंबरात जोसेफ प्रीस्टलीला (ऑक्सिजनवाला) लिहिलेल्या पत्रात आहे ते. प्रीस्टलीपुढे असाच काहीतरी पेच होता. फ्रँकलिन म्हणतो, काय करायचं ते मी सांगू शकत नाही पण कसं ठरवायचं ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ, एकीकडे बाजूची कारणं, एकीकडे विरोधातली. पण लोक त्यातला पुढचा भाग गाळतात. तो म्हणतो तीन चार दिवस घ्या, जसजसं सुचेल तसतसं लिहा, कारण सगळी कारणं एकाच वेळी डोक्यात हजर नसतात, एक गट समोर असतो तेव्हा दुसरा नजरेआड असतो. मग सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोडायची, कधी इकडचं एक तिकडच्या दोनांबरोबर, आणि शेवटी काय उरतं ते बघायचं. म्हणजे तुमची लिस्ट रोज वेगळी होते हा दोष नाहीच, त्याच्या पद्धतीत ते गृहीतच आहे. फक्त तुम्ही रोज नवा कागद घेताय, त्याऐवजी त्याच कागदावर भर घाला.

आता गंमत बघा. हाच फ्रँकलिन आत्मचरित्रात सांगतो की तो मांस मासे सोडून होता, पण बोटीवर तळलेल्या माशांचा वास आला आणि मग त्याला आठवलं की मासा कापताना त्याच्या पोटात लहान मासे निघाले होते, तुम्ही एकमेकांना खाता तर मी तुम्हाला का खाऊ नये! आणि खाल्ले. वर शेरा असा की विचारी प्राणी असणं किती सोयीचं आहे, जे करायचं मनात असतं त्याला कारण सापडतं किंवा बनवता येतं. पद्धतही त्याचीच आणि तिच्यातली पळवाटही त्यानेच दाखवून ठेवलेली.

डार्विनचं तर विचारूच नका. 1838 मध्ये लग्न करावं की नाही याची दोन रकान्यांची यादी केली. नाहीच्या बाजूला वेळेची नासाडी, पुस्तकांना पैसे कमी, पाहिजे तिथे जायचं स्वातंत्र्य नाही, अशी ठोस कारणं. होच्या बाजूला म्हातारपणी सोबत, आणि कुत्र्यापेक्षा तर बरंच! आणि निष्कर्ष, लग्न लग्न लग्न, इति सिद्धम्. 1839 च्या जानेवारीत लग्न झालंसुद्धा. ती यादी वाचून मला नाही वाटत की यादीने काही ठरवलं असेल.

शंकासुर:
यादीने ठरवलं नसेल पण त्याला काय हवंय ते यादीने दाखवलं असेल. हेही काही कमी नाही.

बुद्धिबळी:
मी एक वेगळी बाजू मांडतो, कारण इथे सगळे इच्छा आणि कारणं यावरच बोलताहेत. कसलीच इच्छा नसताना, कोरड्या गणितातसुद्धा डोकं आधीच ठरवून बसतं. करून बघा. तीन भांडी आहेत, पाणी हवं तेवढं, भांड्यांवर मधल्या खुणा नाहीत.

21, 127, 3 मापांची भांडी, 100 मापं पाणी मोजून हवंय.
14, 163, 25, हवंय 99.
18, 43, 10, हवंय 5.
23, 49, 3, हवंय 20.

नवा_भिडू:
सोप्पं आहे. सगळ्यांना एकच युक्ती. मधलं भांडं भरा, त्यातून पहिलं एकदा काढा, तिसरं दोनदा काढा. 127 वजा 21 वजा 3 वजा 3 बरोबर 100. बाकीची पण तशीच येतात, चौथं पण, 49-23-3-3 = 20. 

अर्धविराम:
चौथं परत बघा.

नवा_भिडू:
20 च येतात. परत केलं.

अर्धविराम:
23 भरा, 3 काढा.

नवा_भिडू:
बरं मग, माझंही उत्तर 20 च आहे ना. चुकलं कुठे.

बुद्धिबळी:
चुकलं नाहीच, म्हणून तर ते धोक्याचं आहे. अब्राहम लुचिन्सचा 1942 चा प्रयोग आहे हा. आधीची गणितं सोडवलेले बहुतेक लोक चौथ्याला लांबचाच रस्ता धरतात, आणि ज्यांना थेट चौथं दिलं ते सरळ 23 मधून 3 काढतात. पुढची पायरी अजून मजेची. 28, 76, 3 आणि हवंय 25. इथे लांबची युक्ती चालतच नाही, 42 येतात. नुसतं 28 मधून 3 काढायचे आहेत. तरी युक्ती बसलेले कितीतरी जण तिथे अडकले. लुचिन्सने काही लोकांना आधी कागदावर "आंधळेपणा करू नकोस" असं लिहायला लावलं, तर तेवढ्यानेही काहींची युक्ती सुटली.

आता बुद्धिबळातलं. 2008 मध्ये बिलालिच, मॅक्लिऑड आणि गोबे यांनी मुरलेल्या खेळाडूंना एक डाव दिला, ज्यात एक सगळ्यांच्या पाठची मात होती आणि एक तिच्यापेक्षा कमी खेळ्यांची, पण कमी ओळखीची. खेळाडूंना ओळखीची सापडली, आणि यापेक्षा छोटी शोधा म्हटल्यावर ते शोधायला लागले. आपण दुसरं काहीतरी शोधतोय असं ते म्हणत होते. पण डोळ्यांवर कॅमेरा होता आणि नजर पुन्हा पुन्हा ओळखीची मात जिथे होती त्या पटावरच्या घरांवरच जात होती. त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण शोधतोय!! तिरकस_रेघ, तुमचं आतून फरक दिसत नाही ते हेच. पण इथे कसली इच्छा, कसली फी? जे पहिलं सुचतं ते पुढचं काय दिसावं ते ठरवतं, बास.

तिरकस_रेघ:
हे फार भारी आहे. वकिलाची उपमा थोडी मागे घ्यावी लागेल म्हणजे. कारणं गोळा करणं ही पुढची पायरी, त्याच्या आधी नजरच वळवलेली असते.

मधली_सुट्टी:
म्हणजे मला पहिल्या दिवशी जे वाटलं तेच मी रोज वेगवेगळ्या शब्दांत लिहितेय?

अर्धविराम:
शक्य आहे. पहिल्या दिवशी काय वाटलं होतं?

मधली_सुट्टी:
जावंसं. मग भीती वाटली.

रात्रपाळी:
ड्यूटी संपली, आता सविस्तर लिहिते. मी तातडीच्या विभागात काम करते आणि तिथे हे सगळं जरा वेगळं दिसतं म्हणून पहिल्या पोस्टवर मला आक्षेप आहे. तुम्ही म्हणताय आधी ठरतं म्हणजे जणू ती फसवणूकच. पेशंट दारातून आत येतो तेव्हा सीनियर सिस्टर नुसती बघून म्हणते याला आधी घ्या, कारण विचारलं तर नीट सांगता येत नाही, रंग बरा वाटला नाही म्हणते. आणि ती बरेचदा बरोबर असते. गॅरी क्लाइन नावाच्या संशोधकाने 1980 च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. तो गेला होता हे बघायला की घाईत ते किती पर्यायांची तुलना करतात, आणि ते म्हणाले आम्ही तुलना वगैरे करत नाही, आम्ही निर्णयच घेत नाही, काय करायचं ते दिसतं. त्याने नोंदवलेला एक किस्सा आहे. घरात आग, अधिकारी आपल्या माणसांना घेऊन आत पाणी मारतोय पण आग दबत नाही, खोली नको तेवढी तापलेली आणि आवाज मात्र नको तेवढा कमी. कारण कळत नव्हतं तरी त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि लगेच जमीन खाली बसली. खरी आग खाली तळघरात होती, तळघर आहे हेच त्याला माहीत नव्हतं. तो स्वतः म्हणत होता मला अतींद्रिय काहीतरी आहे. तसं काही नव्हतं, जे दिसतंय ते नेहमीच्या आगीसारखं नाही एवढं त्याच्या डोक्याने पकडलं होतं.

त्याचा निर्णय पण आधीच झाला होता आणि कारण नंतर आलं. मग तो वकील का न्यायाधीश?

शंकासुर:
आणि जे अधिकारी तसंच आतून वाटलं म्हणून आत थांबले आणि मेले त्यांचे किस्से कोण नोंदवणार?

रात्रपाळी:
हा प्रश्न बरोबर आहे. पण तुम्ही पेशंट असाल तर तुम्हाला ती सिस्टर हवी असेल, एवढं नक्की.

अर्धविराम:
याच भांडणाचा एक चांगला शेवट झालेला आहे. डॅनिएल काहनेमान आयुष्यभर अंतःप्रेरणेच्या चुका दाखवत आला, 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याच कामावर, आणि क्लाइन अंतःप्रेरणेचा वकील (सॉरी, तोच शब्द आला). दोघांनी मिळून 2009 मध्ये एक पेपर लिहिला, आमचं नेमकं कुठे पटत नाही ते शोधायला, आणि निघालं असं की फारसं कुठेच नाही. आतल्या आवाजावर भरवसा ठेवायचा असेल तर दोन गोष्टी लागतात. ज्या क्षेत्रात ठरवायचंय तिथे काहीतरी नियमितपणा हवा, म्हणजे खुणा आणि परिणाम यांचा पक्का संबंध हवा, आणि माणसाला त्या खुणा शिकायची भरपूर संधी मिळालेली हवी, चूक झाली तर लवकर कळायला हवं. अग्निशमन, नर्सिंग, बुद्धिबळ यात हे आहे. शेअर निवडणं, दूरचे राजकीय अंदाज, यात नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज दोन्हीकडे तितक्याच खात्रीने बोलतो, आतून किती खात्री वाटते यावरून काही ठरत नाही.

म्हणून @मधली_सुट्टी, तुम्ही आयुष्यात नोकऱ्या किती बदलल्या असतील? आणि प्रत्येक वेळी न बदललेलं आयुष्य कसं गेलं असतं ते कधी कळलं का? त्यामुळे यात अनुभवी कोणीच नसतं. सल्ला देणारेही नसतात, मी पण नाही.

तिरकस_रेघ:
सल्ल्यावरून आठवलं. इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांनी 2014 मध्ये दाखवलं की जोडीदाराने फसवलं तर पुढे काय, हा विचार लोक मित्राच्या बाबतीत करतात तेव्हा जास्त शहाणपणाने करतात, म्हणजे आपल्याला सगळं माहीत नाही हे धरून चालतात, दुसऱ्याची बाजू बघतात, मधला मार्ग शोधतात. स्वतःच्या बाबतीत तेच लोक हे सगळं विसरतात. पण स्वतःच्या प्रश्नाकडे तिऱ्हाईतासारखं बघायला सांगितलं की तो फरक गेला. करून बघायला हरकत नाही, तुमच्या लिस्टमध्ये "मी" च्या जागी "ती" लिहा. मला आधी हे भंपक वाटलं होतं.

शंकासुर:
मला अजूनही वाटतंय. त्यापेक्षा कामाचं सांगतो, यात मानसशास्त्र कमी आणि हिशोब जास्त आहे. काहनेमान विशीत इस्रायली सैन्यात होता, 1955 च्या सुमाराला, आणि भरती झालेल्या मुलांच्या मुलाखतींची पद्धत त्याच्याकडे दिली होती. आधी मुलाखत घेणारे गप्पा मारून एकूण मत द्यायचे आणि त्या मताचा पुढच्या कामगिरीशी काही मेळ बसत नव्हता. त्याने सहा गुण ठरवून दिले, एकेका गुणाचे ठोस प्रश्न विचारायचे, त्याला मार्क द्यायचे आणि मगच पुढच्याकडे जायचं. एकूण कसा वाटतो याचा विचार मधे करायचाच नाही. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करताय म्हणाले. तर त्यांच्या समाधानासाठी शेवटी एक ओळ घातली, आता डोळे मिटा आणि आतून काय वाटतं ते मार्क द्या. निकाल आल्यावर सहा गुणांची बेरीज आधीच्या पद्धतीपेक्षा खूप चांगली निघाली, आणि डोळे मिटून दिलेले मार्कसुद्धा तितकेच चांगले निघाले!

तर आतला आवाज वाईट नसतो, तो सगळ्यात आधी बोलला की वाईट. मधली_सुट्टी, रकाने करा. काम, शिकणं, माणसं, टिकाव, वेळ, जे काय तुम्हाला महत्त्वाचं ते. एकेका रकान्यात दोन्ही नोकऱ्यांना मार्क द्या, पण दुसऱ्या रकान्याकडे न बघता, आणि जमलं तर वेगवेगळ्या दिवशी. बेरीज करा किंवा नका करू. मग डोळे मिटा.

बुद्धिबळी:
+१, सहमत. पहिल्या खेळीवरून नजर हटवायचा हाच उपाय आहे, तुकडे करून बघणे.

अर्धविराम:
एक भर. रकान्यांत प्रश्न कसा विचारता त्यावर पण बरंच असतं. 1986 चं अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान आठवा. 27 जानेवारीच्या रात्री फोनवर मीटिंग झाली, रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर म्हणत होते उद्या थंडी फार आहे, सांध्यांमधल्या रबराच्या कड्यांचा भरवसा नाही, उडवू नका. तोवरचं सगळ्यात थंड उड्डाण 12 अंश सेल्सिअसच्या आसपास झालं होतं आणि त्यातच कड्या जळल्याच्या खुणा होत्या. एरवी इंजिनियरना विचारलं जायचं की सुरक्षित आहे हे सिद्ध करा. त्या रात्री उलटं झालं, सुरक्षित नाही हे सिद्ध करा. ते तेवढ्या डेटावर सिद्ध होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणानंतर यान फुटलं आणि आतले 7 जण मेले. माहिती तीच, माणसं तीच, प्रश्न फिरला आणि उत्तर फिरलं.

आणि डेटाही बघताना त्यांनी फक्त ज्या उड्डाणांत कड्यांना त्रास झाला तीच बघितली, त्यात थंडीचा संबंध ठळक दिसत नव्हता. ज्यात काहीच झालं नाही ती उड्डाणं शेजारी मांडली असती तर दिसलं असतं की ती सगळीच्या सगळी उबदार दिवसांची होती.

आपण रोज हेच करतो. जे हवंय त्याला विचारतो "चालेल ना?" आणि जे नकोय त्याला विचारतो "चालेलच कशावरून?". मधली_सुट्टी, नव्या टीमला "टिकेल कशावरून" विचारताय तर जुन्या नोकरीलाही तोच प्रश्न विचारा. ती टिकेल कशावरून? ती गृहीत धरलेली दिसतेय लिस्टमध्ये.

मधली_सुट्टी:
हे मी केलंच नव्हतं. जुन्या नोकरीच्या समोर "स्थिर" एवढाच शब्द लिहिला होता आणि पुढे गेले होते. बसून लिहिलं तर निघालं की मागच्या काही महिन्यांत आमच्या विभागातून तीन माणसं गेली आणि त्यांच्या जागा भरलेल्याच नाहीत. हे मला माहीत होतं!! पण लिस्टमध्ये आलं नव्हतं. याचा अर्थ जायलाच पाहिजे असा नाही काढत, पण "स्थिर" खोडलं.

शंकासुरांचे रकाने केले. शिकण्यात नवीन खूप पुढे, माणसांमध्ये जुनं, टिकावात आता जवळजवळ सारखं. डोळे मिटल्यावर जावंसंच वाटतंय. तर आता खरा प्रश्न हा आहे की जुन्या ऑफिसने सांगितलंय सहा महिन्यांत परत यायचं असेल तर ये, जागा ठेवतो. हे तर सरळ सरळ चांगलंच आहे ना? निर्णय सोपा होतो.

नवा_भिडू:
मग काय प्रश्नच मिटला. जा.

तिरकस_रेघ:
थांबा थांबा, यावर एक त्रासदायक प्रयोग आहे. गिल्बर्ट आणि एबर्ट, 2002. फोटोग्राफी शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन चांगल्या फोटोंपैकी एक घरी न्यायला दिला. काहींना सांगितलं आता ठरवा, नंतर बदल नाही. काहींना सांगितलं काही दिवसांत बदलून घेऊ शकता. ज्यांना बदलायची सोय नव्हती त्यांना आपला फोटो नंतर जास्त आवडला. सोय असलेले मात्र तुलनाच करत बसले. आणि आधी विचारलं तर लोकांना सोय असलेलाच पर्याय हवा असतो. म्हणजे जुळवून घेणारं जे काही मनात असतं ते दार बंद झाल्यावर कामाला लागतं.

म्हणून म्हणतो, ते सहा महिने डोक्यात ठेवून गेलात तर नव्या ठिकाणी प्रत्येक वाईट दिवशी जुन्या ऑफिसची आठवण काढाल.

शंकासुर:
फोटो आणि नोकरी एक नाही हो. फोटो नाही आवडला तर भिंतीवरून काढतो. नोकरी नाही टिकली तर महिन्याचा हिशोब कोलमडतो. परतीची सोय असताना ती नाकारायची, कशासाठी, तर आवड वाढावी म्हणून? हा सल्ला मी तरी कोणाला देणार नाही.

रात्रपाळी:
मी शंकासुरांच्या बाजूने, हे आयुष्यात पहिल्यांदाच होतंय बहुतेक. सोय घ्या. पण कधी परत यायचं ते आत्ताच लिहून ठेवा, डोकं थंड असताना. म्हणजे असं, टीम बंद झाली तर परत, पगार थकला तर परत, ज्या कामासाठी बोलावलं ते चार महिन्यांत हातात आलं नाही तर परत. यातलं काही झालं नाही तर परत यायचा विचार त्या सहा महिन्यांत काढायचाच नाही, कितीही वाईट दिवस गेला तरी. आम्ही पेशंटच्या चार्टवर तेच करतो, अमुक आकड्याच्या खाली गेलं तर डॉक्टरांना उठवायचं, नाहीतर नाही. पहाटे चारला प्रत्येकच आकडा वाईट वाटतो.

मधली_सुट्टी:
हे पटलं. पण चार महिने की तीन? आणि "काम हातात आलं" म्हणजे नेमकं काय धरायचं, हे त्यांनाच आधी विचारून घेऊ का? उद्या फोन आहे त्यांच्याशी.

बुद्धिबळी:
विचाराच. आणि उत्तर ऐकायच्या आधी, काय ऐकलं तर जाणार नाही ते कागदावर लिहून मग फोन लावा.